सरकारी जंगलातलं सांबर कसं शोधायचं?

पवनी तालुक्यातलं आसगाव चौरास पट्ट्यात येतं. धानाचा हा मुलूख. रात्री धुऱ्यावरून डुक्कर गेलं की रोही, हे सकाळी चिखल बघून सांगणारी माणसं इथे शोधावी लागत नाहीत. असा एखादा आसगावकर अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात नेऊन सोडला, तर तिथल्या नवख्या शिकाऱ्याला जे कळायला काही हंगाम जातात, त्यातलं बरंचसं त्याला पहिल्याच सकाळी कळेल, असं मला वाटतं.

त्या डोंगरात एल्क राहतो. आपल्या सांबराचाच हा थंड मुलखातला नातलग. नर तीनशे किलोच्या वर भरतो. आपला पूर्ण वाढलेला सांबर नरही दोनशे ते तीनशे किलोंचा. एवढं धूड, डोक्यावर हातभर शिंगं, आणि तरी ते पन्नास पावलांवर उभं असून दिसत नाही! म्हणूनच एल्कच्या पहिल्या शिकारीत नेमबाजी काही सेकंदांची आणि शोध महिन्यांचा असतो. जनावर कुठे असेल हे आधीच सांगता येणं, हीच त्यातली सगळी विद्या.

तिथे ही विद्या सामान्य माणसालाही वापरता येते, कारण जमीन सरकारची आहे. एकट्या केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे २४ कोटी एकर आहेत, राष्ट्रीय वनं १९ कोटी एकरांची वेगळीच. शिकारीचा परवाना मात्र अनेक ठिकाणी सोडतीतून मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क लाखाच्याही खाली गेले होते, आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत. यात १९३७ च्या एका कायद्याचाही हात आहे. रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर त्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला लावला.

आपल्याकडेही असंच काहीसं होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. भंडारा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. तिथल्या सरकारी जंगलांचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक मिळे आणि किती जनावरं मारायची यावर मर्यादा असे. याच प्रांतातल्या डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने इथल्या वन्यप्राण्यांवर लिहिलेलं पुस्तक १९२३ साली आलं. पुढे आणीबाणीत माहितीमंत्री म्हणून गाजलेले विद्याचरण शुक्ल तरुणपणी मध्य भारतात शिकारसफरी भरवणारी ‘ऑल्विन कूपर’ ही कंपनी चालवत, हे सांगितलं तर अनेकांना खरं वाटत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात परवान्याने शिकारीची थोडी जागा शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. ते झालं ते चांगलंच झालं. पण शिकारीआधीचा जो शोध होता, तो कुठल्याही कायद्याने बंद केलेला नाही.

या शोधाची सुरुवात घरीच होते, नकाशावर. एल्कचा शिकारी उपग्रहाच्या चित्रात तीन गोष्टी हुडकतो: चारा, पाणी आणि दिवसा पडून राहायची थंड जागा. या तिन्ही जिथे जवळजवळ येतात तिथे तो खूण करतो. पवनीच्या पश्चिमेला पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं चित्र असंच वाचता येतं. २०१२-१३ च्या सुमारास झालेलं हे अभयारण्य १८९ चौरस किलोमीटरचं. नागझिऱ्याहून इथवर चालत आलेल्या आणि २०१६ च्या एप्रिलनंतर दिसेनासा झालेल्या ‘जय’ वाघामुळे ते देशभर माहीत झालं. वाघ इतका भारी ठरला तो सांबर, चितळ, डुकरांच्या जिवावर, पण त्यांची नावं कोण लक्षात ठेवतो! चित्रात गवताची मैदानं फिकट दिसतात आणि नाले गडद. सांबर रात्री फिकट भागात चरतं, उजाडता उजाडता गडद भागात शिरतं. त्याला गाठायची जागा म्हणजे या दोन रंगांची शीव, आणि वेळ पहाटेची.

मग जमीन वाचायची. सांबराचा खूर चितळापेक्षा ठळक मोठा असतो, पण रोह्याच्या खुराशी घोटाळा होऊ शकतो. तिथे लेंड्या मदतीला येतात. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन ढीग करतं, सांबर तसं करत नाही. झाडाची साल छातीच्या उंचीवर सोललेली दिसली की नराने शिंगं घासली समजावं. शिंगं दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळतं. एल्कच्या ऐन भरात ही वाढ दिवसाला इंचाच्या आसपास जाते. हाडाची इतकी झपाट्याने वाढ सस्तन प्राण्यांत दुसरीकडे सापडणं कठीण.

माजावरचा नर चिखलात लोळतो. एल्क सप्टेंबरात लोळतो, मध्य भारतातलं सांबर थंडीच्या सुरुवातीला. मधे अर्धी पृथ्वी आहे, पण रीत एकच. सांबर नर तर मागच्या पायांवर उभा राहून उंच फांदीला तोंड घासतो आणि आपला वास तिथे ठेवतो. कान्हात हरणांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शेलरने हे टिपून ठेवलं आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांचं जमत नाही. माजावरचा एल्क शीळ घालतो, आणि ती इतकी बारीक की एवढ्या मोठ्या छातीतून ती निघते यावर विश्वास बसू नये. ध्वनिमापनात दिसलं की तो एकाच वेळी दोन आवाज काढतो: स्वरयंत्रातून खालच्या पट्टीची डरकाळी आणि तिच्यावर सुमारे चार हजार हर्ट्झची शीळ. शिकारी त्याच शिळेची नक्कल करून त्याला बोलावतो. सांबराचा ‘ढांक’ हा आवाज वेगळ्या कामाचा. वाघ किंवा बिबट दिसला वा वासावर आला की ते पाय आपटत ढांकतं. वानर उगाचही खेकसतं. सांबर ढांकलं की गाइड गाडी थांबवतो.

सगळ्यांत चकवणारी गोष्ट म्हणजे वारा. संध्याकाळी उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि नाल्याच्या दिशेने खाली वाहू लागते. ऊन चढलं की तीच हवा वर जाते. कोलोरॅडोचे शिकारी दिवसाचा सगळा बेत यावर आखतात: सकाळी वरून येणाऱ्या हवेच्या खालच्या अंगाला राहायचं, ऊन तापल्यावर वरच्या अंगाला. कऱ्हांडल्याच्या बुटक्या टेकड्यांतही नियम तोच. सांबराचं नाक असं की आपण दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेले असतो.

दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर पहाटे चालतात. सांबर दिसलं की होकायंत्राने दिशा आणि अंतरमापकाने अंतर लिहून घेतात. हेच अंतरमापक एल्कच्या शिकाऱ्याच्या पट्ट्यालाही लटकलेलं असतं. मोजलेला आकडा कोण कशासाठी वापरतो, एवढाच फरक.

अभयारण्यात परवानगीशिवाय पायी शिरणं आणि गळालेलं शिंग घरी नेणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण कऱ्हांडला, गोठणगाव, पवनीच्या फाटकांतून गाइडबरोबर जाता येतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याच्या ‘निसर्गानुभव’ उपक्रमात पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसता येतं. त्याची नोंदणी जाहीर झाली की लगेच करा, जागा मोजक्या असतात. जाताना अत्तर लावू नका, भडक कपडे घालू नका, आणि मचाणावर चढल्यावर आधी वारा कुठून येतोय ते बघा. सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, हे घरी सांगून जा.