मातीतील ठेव : कोलकात्याच्या पूर्वेची शेती

जमीन ही कधीही न बुडणारी ठेव होय, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. सातबाऱ्यावरील क्षेत्र कायम राहते. मातीतील कस मात्र पिकागणिक खर्ची पडतो. एक टन भात पिकावयास रोपे सुमारे १५ ते २० किलो नत्र शोषून घेतात. त्यांतील बराचसा भाग दाण्यांबरोबर शहरात जातो. तो परत न आल्यास शेतकरी व्याज समजून मुद्दलच खात असतो.

शहरात गेलेला कस पुन्हा मातीत कसा येतो, हे कोलकात्याच्या पूर्वेस पाहावयास मिळते. बिद्याधरी नदी गाळाने भरून निकामी झाली. १९२८ मध्ये ती मृत म्हणून जाहीर झाली. पुढे तेथील मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत घेण्याची रीत बसविली. या तळ्यांस बंगालीत ‘भेरी’ म्हणतात. सूर्यप्रकाश व सूक्ष्मजंतू यांच्या योगाने मैल्याचे विघटन होते, मुक्त झालेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शैवाल वाढते, त्यावर मासे पोसतात आणि उरलेले पाणी भातखाचरांस मिळते. शेजारी धापा येथे भवनाथ सेन यांनी १८७९ च्या सुमारास जमीन खंडाने घेऊन शहराच्या कचऱ्यावर भाजीपाला पिकविण्यास आरंभ केला. (आपल्या पूर्वजांनी ‘सोनखत’ हे नाव उगाच दिले नव्हते!) ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने या व्यवस्थेचा शास्त्रीय अभ्यास केला. २००२ साली येथील १२,५०० हेक्टर क्षेत्रास रामसर करारान्वये मान्यता लाभली.

तथापि ही ठेव निर्धोक नाही. शहर वाढले तशी जागेची किंमत चढली. १९६० नंतरच्या दशकात खाजणे बुजवून सॉल्ट लेक हे उपनगर उभारले गेले. १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने उरलेल्या क्षेत्राच्या रूपांतरास आळा घातला, २००६ मध्ये कायदाही झाला. तरी चोरटी भर थांबलेली नाही. बुजविलेल्या तळ्याचे मोल एकदाच हाती येते, मासळी आणि भात मात्र दर वर्षी.

दुसरे संकट कचऱ्यातूनच आले. विजेऱ्या, रंग, चामडे कमावण्याची रसायने यांतील शिसे व क्रोमियम कुजत नाहीत; धापाच्या मातीत आणि भाजीतही ती आढळली आहेत. असा कचरा ओल्या कचऱ्यापासून घरी व कारखान्यातच वेगळा काढावा लागतो. एकदा तो मातीत मिसळला की कोणत्याही नांगराने निघत नाही.