वळवाचा वारा सुटला की आधी झोळी रिकामी करा

रहिमतपूरहून कोरेगावच्या बाजूला निघालात तर मार्च-एप्रिलमध्येही उसाचे काही फड उभे दिसतात. कारखान्याचा पट्टा पडायची वेळ जवळ आलेली असते आणि राहिलेला ऊस लवकर काढायची मुकादमाची घाई चाललेली असते. कुणी टोळी बीडकडून आलेली, कुणी आपल्याच माण-खटावच्या दुष्काळी गावातून. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता. आणि बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी. झोळीत तान्हे मूल, शेजारी राखण करायला पाच-सहा वर्षांची बहीण.

ही झोळी आपल्या घरांना नवी नाही. आज हा लेख वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे बालपण अशाच झोळीत गेले. आपल्या आया-आज्या दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जात, तेव्हा पाळणाघर म्हणजे बांधावरचे झाड, एवढेच. शहरातली हौशी मंडळी अलीकडे नायलॉनच्या झोळ्या घेऊन सह्याद्रीत मुक्कामाला जातात, त्याला हॅमॉक म्हणतात. 1492 साली कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांवर पोहोचला तेव्हा तिथले मूळचे लोक अशाच टांगलेल्या बिछान्यात झोपताना त्याने पाहिले. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशांना त्याच झोळ्या मिळाल्या, कारण जहाज कलंडले तरी टांगलेला माणूस सरळ राहतो. हौसेने झोळीत झोपणाऱ्यांनी वादळवाऱ्यात कसे टिकावे याचे पक्के नियम बसवले आहेत. जिचे लेकरू पोटासाठी झोळीत आहे, तिला ते कुणी सांगत नाही. म्हणून हा विषय घेतला.

आधी वारा समजून घेऊ. चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरवतो तो पावसाळ्याचा वारा एका दिशेने, एकसारखा वाहतो. वळवाचे तसे नाही. दुपारी तीनपर्यंत झाडाचे पान हलत नाही. मग माण-खटावच्या अंगाला आभाळ काळे होते. त्या उंच ढगातून पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते, जमिनीला आपटते आणि चहूकडे पसरते. घामेजलेल्या अंगाला पहिली गार झुळूक लागते तेव्हा बरे वाटते, पण तीच खरी सूचना असते. त्यानंतर कधी पाच मिनिटे मिळतात, कधी तेवढीही नाहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि वळवात तो घडीघडीला दिशा बदलतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाची बातमी रेडिओ-टीव्हीवर आधीपासून चालू होती. आपल्या रानावर येणाऱ्या वळवाची तशी बातमी कोण देतो?

आता बांधणीचे. दोन झाडांमध्ये झोळी बांधताना बायका ती ताणून बांधतात. सैल झोळी वाऱ्याने जास्त हलेल असे वाटते. पण दोर जितका आडवा, तितका त्याच्यावर ताण जास्त. मूल आठ किलोचे धरा. दोर आडव्या रेषेपासून 30 अंश उतरता असेल तर प्रत्येक बाजूला आठ किलोचा ताण येतो. तोच दोर ताणून 10 अंशांवर आणला तर प्रत्येक बाजूला 23 किलो. मूल तेच, दोर तोच, ओझे जवळजवळ तिप्पट! आम्ही जमाखर्चाचे माणूस, म्हणून हा हिशेब हायस्कुलाच्या गणिताच्या मास्तरांकडून तपासून घेतला. वर वाऱ्याचे हिसके, म्हणजे जुने लुगडे फाटायला किंवा गाठ सुटायला वेळ लागत नाही. तेव्हा झोळीला पोट असू द्यावे, आणि ती इतकी खाली असावी की तळाशी वीतभरच जागा राहील. पडले तरी वीतभरच पडेल. खाली दगड किंवा उसाचे टोकदार खोडवे मात्र नसावे.

सुती लुगड्याची गाठ ओली झाली की आवळते. आजकालची गुळगुळीत साडी मात्र सरकते. अशा साडीला फांदीभोवती दोन वेढे द्यावेत आणि मगच निरगाठ मारावी. झाड निवडताना वर बघावे. वाळकी फांदी डोक्यावर नको. शेवगा ठिसूळ, गुलमोहोरही वाऱ्याला दगा देणारा. चिंच, कडुलिंब, बाभूळ चिवट. आंब्याची सावली गोड खरी, पण वाऱ्यात कैऱ्या पडायला लागल्या की झोळीत काय पडेल ते सांगता येत नाही.

डोंगरात झोपणाऱ्यांची एक युक्ती आम्हाला फार आवडली. पाऊस आला की पाणी दोरावरून ओघळत थेट झोळीत उतरते. म्हणून ते झोळीच्या अलीकडे दोराला एक सुतळी बांधून तिचे टोक लोंबते सोडतात. पाणी त्या सुतळीवरून खाली ठिबकते आणि कापड कोरडे राहते. दुसरी गोष्ट अशी की टांगलेल्या माणसाला थंडी वरून नाही, खालून लागते. वारा पाठीखालून जातो. आपल्या आज्या झोळीत खाली वाकळ घालत आणि वर नुसता पदर टाकत, ते उगीच नव्हते. वर ताडपत्री बांधायची तर तिची वाऱ्याकडची कड अगदी जमिनीलगत उतरवून खुंटीला बांधावी. उंच आडवी बांधली तर ती शीड होते. 14 एप्रिलच्या मांडवाचे कापड वळवाने कसे उडते ते आपण कितीदा पाहिले आहे, बांबूसकट जाते.

पण बंधूंनो आणि भगिनींनो, ही सगळी तजवीज नुसत्या वाऱ्यासाठी झाली. ढग गडगडू लागला की यातले काहीच कामाचे नाही. वीज उंच झाडाला पकडते आणि बुंध्यापाशी असलेल्या माणसावर उडी घेते. म्हणजे सावलीसाठी निवडलेले तेच झाड त्या वेळी सर्वांत वाईट जागा ठरते. वीज चमकली की आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. त्या क्षणी मूल उचलावे. गाठ सोडत बसू नये, लुगडे तिथेच राहू द्यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत झाडाखाली जाऊ नये.

जायचे कुठे? कोपीत नाही, ट्रॉलीखाली नाही, टायरगाडीखालीही नाही. स्लॅबची पक्की इमारत, नाहीतर काचा बंद केलेली ट्रकची केबिन. दोन्ही नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे आणि मूल मांडीवर घ्यावे. जमिनीवर आडवे होऊ नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप मोबाईलवर फुकट मिळते. आपण आहोत तिथून 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजेचा धोका असेल तर ते सांगते. टोळीतल्या एका तरुणाच्या मोबाईलवर ते असले तरी पुरे.

हे सगळे फडातल्या बायकांना सांगायला आम्ही गेलो, तेव्हा एक बाई हसून म्हणाली, “दादा, कळतंय की आमाला. पर आभाळ आलं की मुकादम वरडतो, आधी मोळ्या भरा म्हणून.” खरे आहे. पाऊस पडला की रानात चिखल होतो, भरलेली गाडी रुतते, खेप बुडते. उचल अंगावर असते. ज्या दहा मिनिटांत लेकरू उचलायचे, त्याच दहा मिनिटांत आईच्या डोक्यावर मोळी असते. 1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचे कलम होते, पण ते कारखान्याच्या आत राबणाऱ्या बाईसाठी. कारखान्याला ऊस तोडून देणारी बाई त्यात बसत नव्हती. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान मुले असतील तर सांभाळायला एक बाई नेमावी, तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. मग फडात एका बाईची मजुरी टोळीने, मुकादमाने आणि कारखान्याने मिळून का देऊ नये? एक म्हातारी फक्त झोळ्यांवर आणि आभाळावर लक्ष ठेवील. विजेने माणूस दगावले तर वारसाला सरकारकडून 4 लाख रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्याला ताबडतोब कळवून पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे लागते, हेही माहीत असावे. पण ते पैसे मागायची पाळी का यावी?

आपल्या वस्तीतली समाजमंदिरे, विहार बहुतेक स्लॅबचे आहेत आणि फडापासून फार लांब नसतात. दुपारी त्यांना कुलूप असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर ते कुलूप काढून ठेवावे असे आम्ही आमच्या ओळखीच्या दोन-तीन वस्त्यांत सुचवले आहे. एका ठिकाणी किल्ली आता शेजारच्या घरातल्या आजींकडे दिली आहे, आणि त्या घराची खूण फडातल्या बायकांना दाखवून ठेवली आहे.