गावाच्या सरासरीत हरवलेली वस्ती

१९२९ सालची गोष्ट. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत गंभीर आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. गावातील बड्या मंडळींनी मध्यस्थी केली तेव्हा तो आला, पण वस्तीच्या बाहेरच उभा राहिला. दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला तिथवर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते शिक्षकाला दिले आणि शिक्षकाने पत्नीला. परतही ते त्याच वाटेने गेले. डॉक्टरने औषध पाठवले, पुन्हा मात्र तो आला नाही. बाई गेली. त्या शिक्षकाचे हे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते आणि बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्याची नोंद करून ठेवली.

तो डॉक्टर ज्या जागी थांबला, नेमक्या त्याच जागी आज सरकारी आकडेवारी थांबते, हे आपल्या किती कार्यकर्त्यांच्या लक्षात आले आहे?

जनगणनेची गाव-निर्देशिका उघडून पाहा. गावात नळाचे पाणी आहे काय? आहे. आरोग्य उपकेंद्र? आहे. पण नळ चावडीपाशी आहे आणि वस्ती ओढ्यापलीकडे, ही गोष्ट त्या रकान्यात बसत नाही. गाव हाच सर्वांत लहान घटक मानला की गावकुसाबाहेरचे घर गावाच्या सरासरीत विरघळून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचीही तीच तऱ्हा. २०१५-१६ च्या फेरीत देशातील पाच वर्षांखालील अनुसूचित जातींच्या बालकांपैकी ४२.८ टक्के खुरटलेली आढळली; अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाबाहेरच्या गटात हे प्रमाण ३१.२ टक्के होते. परंतु हे कोष्टक देशाचे आणि राज्याचे. त्याच सर्वेक्षणाची जिल्हा-पत्रिका काढली तर तीत जातीचा रकानाच नाही! म्हणजे जात हवी असेल तर ठिकाण मिळत नाही आणि ठिकाण हवे असेल तर जात मिळत नाही. आपल्याला तर दोन्ही एकत्र हवे आहे, कारण या देशात जात ही राहण्याच्या जागेतच कोरलेली आहे. त्यातही १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बौद्धांना अनुसूचित जातींत धरलेच जात नव्हते. तोवरच्या जनगणनांतून धर्मांतरित वस्ती दुसऱ्यांदा गायब झाली, ते वेगळेच.

शहरात तरी वेगळे काय आहे? मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात चोवीस वॉर्डांत एम-पूर्व वॉर्ड तळाशी होता. देवनारचे डम्पिंग ग्राऊंड, गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर या वॉर्डात येतात. पण अणुशक्तीनगरची हिरवीगार वसाहतही त्याच वॉर्डात आहे. तिच्यासह सरासरी काढूनही वॉर्ड शेवटचा आला, तर कचऱ्याच्या डोंगराला लागून असलेल्या गल्लीचा वेगळा आकडा काय निघाला असता?

हा प्रश्न जगात कुणी विचारलाच नाही असे नाही. १८९६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस हा कृष्णवर्णीय विद्वान फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहायला गेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काम दिले, पण मानाची जागा दिली नाही. त्याने जवळपास अडीच हजार घरांचे उंबरे स्वतः झिजवले. कोण काय काम करतो, भाडे किती, खोल्या किती, आजार कोणते, हे सारे विचारून १८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात वॉर्डातील घरन् घर आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार रंगवलेला नकाशा जोडला. त्याच १८९६ साली एका मोठ्या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन पुस्तक लिहून सांगत होता की, काळे लोक अधिक मरतात ते त्यांच्या वंशातील दोषामुळे. आकडे दोघांकडेही होते. हॉफमनने वंश पाहिला. ड्यू बॉईसने ओल धरलेली खोली, दूषित पाणी आणि तुटपुंजी मजुरी पाहिली. १९०६ मध्ये काळ्यांच्या आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ काढून त्याने हॉफमनच्या सिद्धांताच्या चिंधड्या केल्या. याच ड्यू बॉईसला १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते आणि त्याचे उत्तरही आले होते. आपल्याकडे त्या पत्रव्यवहाराचा उल्लेख अभिमानाने होतो. सातव्या वॉर्डाच्या नकाशाचा मात्र क्वचितच.

नकाशा दुधारी असतो, हेही विसरता कामा नये. ड्यू बॉईसच्याच नकाशात खालच्या थराला 'दुर्गुणी व गुन्हेगार' हे नाव होते, गोऱ्या सुधारकांकडून उसने घेतलेले. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील सरकारी यंत्रणेने काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या आणि अशा वस्त्यांना घरकर्ज नाकारण्याची रीतच पडली. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या याद्याच केल्या होत्या, आणि त्यांचा डाग १९५२ नंतरही पुसला गेला नाही. म्हणून वस्तीच्या नकाशावर माणसाचे नाव, आजार, घरक्रमांक येता कामा नये. कागद वस्तीच्या ताब्यात राहिला पाहिजे.

आणि आकडा बोलताना काळजीही हवी. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालाचा हवाला देऊन, दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे कमी जगते, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. तो आकडा मृत्यूच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नव्हे. ज्या समाजात तरुणांची संख्या अधिक त्याचे हे वय तसेही खाली येते. फरक आहेच आणि तो भयंकर आहे, पण चुकीच्या शब्दात मांडला की समोरचा एका वाक्यात आपल्याला गप्प करतो.

घरोघर गेल्यावर काय हाती लागते, हे बीडने दाखवले. ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड झाली तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समिती नेमली गेली. ८२ हजारांवर महिलांना विचारणा झाली आणि १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाले. जिल्ह्याच्या कोणत्याही सरासरीत हे दिसले नसते.

जातनिहाय जनगणनेसाठी सरकारने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर केला आहे. तिच्यात जात मोजली जाईल, पण कोष्टके कोणत्या पातळीपर्यंत छापणार? वस्तीपर्यंत? ही मागणी आजच झाली पाहिजे. आणि तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. अंगणवाडीत मुलांच्या वजनाचे रजिस्टर आहे, ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही आहे, आशाताईकडे गरोदर बायांची यादी आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आपली महाविद्यालयीन मुले-मुली एका वस्तीला दोन रविवार देऊ शकत नाहीत? घरापासून पाण्यापर्यंत किती मिनिटे, मागच्या पाच वर्षांत कोण कोणत्या वयात गेले, बाळंतपणे कुठे झाली, नर्सबाई वस्तीत येते की समाजमंदिराच्या अलीकडूनच हाक मारते, हे विचारायचे. तेच प्रश्न गावातल्या दहा घरांनाही विचारायचे, नाहीतर तुलना कशाशी करणार? एक मात्र ध्यानात ठेवा. मराठवाड्यात ही पाहणी दिवाळीनंतर काढू नका. तेव्हा अर्धी वस्ती उसाच्या फडात असते आणि दारांना कुलपे असतात.