भांडण आपले, सूत्रधार परका

निवडणुकीचे दिवस आले की तुमच्या मोबाइलवर काय काय येऊन पडते, ते जरा आठवून पाहा. नेत्यांवरचे विनोद, जुन्या भाषणांचे तुकडे, ‘सगळ्यांना पाठवा’ असे बजावणारे मेसेज. त्यातले एखादे पेज तुम्हाला अगदी आपल्या माणसांचे वाटते. पण ते चालवणारी माणसे दुसऱ्याच देशात बसून पगारावर काम करत असतील तर? अमेरिकेत नेमके हेच घडले.

एक रस्ता, दोन मोर्चे

२१ मे २०१६. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहर. ‘हार्ट ऑफ टेक्सास’ नावाच्या फेसबुक पेजने तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर निदर्शनांची हाक दिली होती. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या दुसऱ्या पेजने केंद्राच्या समर्थनार्थ लोकांना बोलावले. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गट, मध्ये पोलीस आणि दोन्हीकडून घोषणा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत खरा प्रकार समोर आला. दोन्ही पेजेस रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरातल्या एकाच कचेरीतून चालत होती. जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेरा हजार रुपये. रस्त्यावर आलेली माणसे खरी होती, त्यांचा रागही खरा होता. खोटा होता तो फक्त बोलावणारा.

पाळ्यांमध्ये चालणारे काम

या कचेरीचे नाव ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी १३ रशियन व्यक्ती आणि ३ कंपन्यांवर आरोपपत्र ठेवले. तिथले कर्मचारी दिवसपाळी आणि रात्रपाळी करत, म्हणजे पोस्ट अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे पडाव्यात. त्यांना अमेरिकेतल्या सणांची आणि सुट्ट्यांची यादीही दिली जाई, असे त्यात नोंदवले आहे. या पेजेसवर विनोद, अभिमानाच्या गोष्टी, भावुक चित्रेही भरपूर असत. आधी विश्वास कमवायचा आणि मग हळूच विष कालवायचे, अशी ही रीत. फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे हा मजकूर सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोहोचला असावा.

एका क्लिकची किंमत

दुसरा मार्ग चोरीचा होता. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना एक ईमेल आला. तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला, असा तो इशारा हुबेहूब गुगलचा वाटत होता. ‘केवायसी अपडेट करा, नाहीतर खाते बंद होईल’ असा मेसेज तुम्हालाही आला असेल, त्याच जातीचा. लिंक उघडली गेली आणि ५०,००० हून अधिक ईमेल चोरीला गेले. मतदानाला जेमतेम महिना उरला असताना ते विकिलीक्सवर झळकू लागले. या आणि अशाच चोऱ्यांसाठी जुलै २०१८ मध्ये रशियाच्या लष्करी गुप्तचर विभागातील १२ अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले.

रशियन सरकारने हे सगळे कायम नाकारले. पण त्या कचेरीला पैसा पुरवणारे उद्योगपती येवगेनी प्रिगोझिन यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अशी ढवळाढवळ केल्याचे स्वतःच कबूल केले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. प्रत्यक्ष मतमोजणीत फेरफार झाल्याचा पुरावा सिनेटच्या चौकशीत सापडला नाही. हल्ला मतपेटीवर झालाच नाही. तो मतदाराच्या मनावर झाला.

हात सगळ्यांचेच बरबटलेले

हा खेळ एकट्या रशियाचा नाही. १९४८ च्या इटलीतील निवडणुकीत अमेरिकेच्या सीआयएने कम्युनिस्टांना रोखण्यासाठी गुपचूप पैसा ओतला होता. डोव लेव्हिन या अभ्यासकाने १९४६ ते २००० या काळात परदेशांतील निवडणुकांमध्ये या दोन महासत्तांनी केलेले ११७ हस्तक्षेप मोजले. त्यातले ८१ अमेरिकेचे आणि ३६ सोव्हिएत संघ किंवा रशियाचे होते. पूर्वी यासाठी नोटांनी भरलेल्या बॅगा लागत. आता एक फोन आणि खोटे नाव पुरते.

आपल्या देशात उमेदवारांना आणि राजकीय पक्षांना विदेशी देणगी घ्यायला कायद्याने मनाई आहे. पण खोट्या पेजला देणगीची पावती लागतच नाही. त्याला हवा असतो फक्त तुमचा राग.

मग तुमच्या हाती काय आहे?

• एखादी पोस्ट वाचून रक्त उसळले, तर ती पुढे पाठवण्याआधी थोडे थांबा. चिडलेला माणूस खात्री करत बसत नाही, हे पाठवणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

• फेसबुक पेजच्या ‘पेज ट्रान्सपरन्सी’ या भागात ते कोणत्या देशातून चालवले जाते आणि त्याचे नाव पूर्वी काय होते, ते अनेकदा दिसते. एकदा उघडून बघा.

• मतदानाची तारीख, केंद्र किंवा यादीतले नाव याविषयी मेसेजवर विसंबू नका. निवडणूक आयोगाच्या १९५० या क्रमांकावर विचारा.

• घरातल्या ज्येष्ठांनी चुकीचे काही पाठवले, तर ग्रुपवर चारचौघांत त्यांना खजील करू नका. फोन करून समजावून सांगा.

हा शेवटचा मुद्दा छोटा वाटेल, पण तोच सर्वांत मोलाचा आहे. सख्खे भाऊ, शेजारी, मैत्रिणी एकमेकांशी बोलायच्या बंद झाल्या की बाहेरच्याचे अर्धे काम झालेच. मत कुणालाही द्या, त्यावर घरात कडकडून वादही घाला. फक्त तो वाद आपला आपणच सुरू केलेला असू द्या.