चहा मिळतो, कागद मिळत नाही

आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात महिला दक्षता समितीची बैठक असली, की चहा फार छान येतो. आलं घातलेला, समोरच्या टपरीवरचा. सोबत खारी नाहीतर क्रीमची बिस्किटं. मी या समितीत सहा वर्षं आहे. आम्ही अकरा-बारा जणी. कुणी शिक्षिका, कुणी बचत गटाच्या अध्यक्ष, एक डॉक्टरीणबाई, एक वकीलबाई (त्या क्वचितच उगवतात) आणि माझ्यासारख्या दोघी-तिघी, घर सांभाळून जमेल तेवढं समाजकार्य करणाऱ्या. साहेब येतात, "काय म्हणताय ताई?" असं आपुलकीने विचारतात. मग एका कागदावरून आकडे वाचतात. छेडछाडीच्या तक्रारी इतक्या, नवरा-बायकोची भांडणं समजुतीने मिटवली ती इतकी, हरवलेल्या मुली सापडल्या त्या इतक्या. आम्ही माना डोलावतो. हजेरीबुकात सह्या होतात, एक फोटो निघतो. तो आकड्यांचा कागद मात्र साहेबांच्या फाइलमध्ये परत जातो. आजवर त्याची प्रत आम्ही कधी मागितली नाही. मागायची असते, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली आणि तो चहा मला गोड लागेनासा झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. पापड-शेवया करून विकतात. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गॅरेजवर कामाला. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून एका रात्री त्याला घरातून नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडून दिलं. अटक नाही, जबाब नाही, कुठेच काही लिहिलेलं नाही. पोरगं घरी आलं ते पालथं झोपूनच राहिलं. तीन दिवसांनी मावशी माझ्याकडे आल्या. "ताई, तुम्ही ठाण्यातल्या कमिटीत आहात ना? मग तुम्हाला तर सगळं कळत असेल." काय बोलणार! सहा वर्षांत मला आतल्या बाजूची लॉकअपची खोली कुठे आहे, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

दोघी मिळून गेलो. ड्यूटीवरचे हवालदार ओळखीचे. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "कॅमेरे आहेत ना तुमच्याकडे? त्या रात्रीचं जरा बघता येईल का?" ते म्हणाले, "ताई, त्या बाजूचा कॅमेरा महिनाभर बंद आहे. पावसात वायर गेली." झालं! मी मावशींना घेऊन परत आले. वायर गेली म्हटल्यावर विषयच संपला, असं मला वाटलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मग एका शिबिरात एका वकिलांचं भाषण ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी 'परमवीर सिंग सैनी' या खटल्यात एक निकाल दिलेला आहे. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायचे, एवढंच त्यात नाही. कुठे कुठे बसवायचे तेही सांगितलं आहे. आत-बाहेर जायची दारं, सगळ्या कोठड्या, बोळ, व्हरांडे, इन्स्पेक्टरची आणि सब-इन्स्पेक्टरची खोली, इमारतीची मागची बाजू, अगदी स्वच्छतागृहाच्या बाहेरसुद्धा. चित्राबरोबर आवाजही टिपला गेला पाहिजे, अंधारातही दिसलं पाहिजे. चित्रण १८ महिने जपायचं. तेवढी सोय असलेलं यंत्र बाजारात मिळत नसेल, तरी एका वर्षाच्या खाली यायचं नाही. पण मैत्रिणींनो, खरी गंमत पुढे आहे. कॅमेरा बिघडला, तर ठाणेदाराने ते ताबडतोब जिल्हास्तरीय देखरेख समितीला कळवायचं. आणि कॅमेरा बंद असलेल्या काळात त्या ठाण्यात ज्यांना अटक झाली, ज्यांची चौकशी झाली, त्यांची माहितीही समितीला धाडायची.

म्हणजे बघा. त्या रात्रीचा एक कागद असायलाच हवा होता. कॅमेरा चालू असेल तर चित्रण. बंद असेल तर बंद असल्याचं पत्र, आणि त्यासोबत मावशींच्या मुलाचं नाव. दोन्ही नसेल, तर मग वायर पावसात गेली की आणखी कशात, हे विचारायला जागा आहे. आणि मी मात्र 'बरं बरं' म्हणून पाणी पिऊन घरी आले होते.

त्या जिल्हा समितीत कोण असतं? महसूल विभागाचे आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि नगराध्यक्ष-महापौरांपैकी कुणी. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. ही शेवटची खुर्ची नीट पाहा. तेवढीच एक लोकांनी निवडून दिलेली. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या, अध्यक्षपदंही त्याच प्रमाणात. म्हणजे कितीतरी जिल्ह्यांत ही खुर्ची आपल्यासारख्याच एका बाईची. तिला ठाण्यातलं चित्रण स्वतः पाहण्याचा अधिकार आहे. कुणी तक्रार केलेली नसली तरी आत काही वावगं घडलं का, हे तपासणं समितीच्या कामातच लिहिलं आहे. राज्याच्या समितीतही गृह आणि वित्त खात्याचे सचिव, पोलीस महासंचालक यांच्या जोडीला राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष किंवा सदस्य आहेत. मी आमच्या भागातल्या एका माजी अध्यक्षाबाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, अशी समिती आहे हेच मला कुणी सांगितलं नाही." त्यात २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. मग त्या काळात लोकांच्या खुर्चीवरही साहेबच.

आता कुणी म्हणेल, बायकांनी कशाला पडावं या भानगडीत? त्यांना मी देसाईगंजची आठवण देते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. त्याविरुद्ध चार प्राध्यापकांनी न्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ठाण्याच्या भिंतीआड काय घडलं, हे सांगायला तेव्हा तिच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. कॅमेऱ्याचं मोल तिथे कळतं.

पोलिसांवर देखरेख करणाऱ्या नागरी मंडळाला पोलीस माहिती देतात का, हा प्रश्न आपल्याकडेच आहे असं नाही. मला यात सगळ्यात जास्त शिकवून गेली ती उत्तर आयर्लंडची गोष्ट. तिथे तीस वर्षं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्तपात चालला, साडेतीन हजारांवर माणसं गेली. १९९८ मध्ये करार झाला. नंतर पोलिसांची फेररचना झाली, २००१ मध्ये पोलीस मंडळ आलं. त्यात १९ सभासद, दहा निवडून आलेले आमदार आणि नऊ साधे नागरिक. मुख्य पोलीस अधिकाऱ्याने मंडळासमोर जाहीर बैठकीत प्रश्नांना उत्तरं द्यायची. मंडळाने एखाद्या विषयावर अहवाल मागितला, तर तो द्यावाच लागतो; देशाच्या सुरक्षेसारखं कारण असेल तर मंत्र्याकडे दाद मागायची, पण नुसतं गप्प बसता येत नाही.

याशिवाय तक्रारींसाठी वेगळं लोकपाल कार्यालय. त्याच्या पहिल्या प्रमुख एक बाई होत्या, नुआला ओलोन. कायद्याच्या प्राध्यापिका, पाच मुलगे. १९७७ मध्ये त्या शिकवत होत्या त्या कॉलेजात बॉम्ब फुटला आणि पोटातलं बाळ गेलं. अशी बाई पोलिसांच्या चुका शोधायच्या खुर्चीवर बसली. साधारण वर्षभराने त्यांनी ओमा या गावातल्या स्फोटाचा अहवाल दिला. १५ ऑगस्ट १९९८ रोजी, आपण इकडे झेंडावंदन करत होतो त्याच दिवशी, तिथल्या बाजारात बॉम्ब फुटून २९ माणसं गेली होती. त्यात एका गरोदर बाईची जुळी वेगळी. ओलोनबाईंनी जुने कागद उपसले, तेव्हा कळलं, की ४ ऑगस्टलाच एक निनावी फोन आला होता, १५ तारखेला ओमात पोलिसांवर हल्ला होणार म्हणून. तो इशारा गावातल्या पोलिसांपर्यंत पोचलाच नव्हता. पुढे स्फोटाचा तपास करणाऱ्यांनाही गुप्त शाखेने आपल्याजवळची बरीच माहिती दिली नव्हती. म्हणजे पोलीस पोलिसांनाच सांगत नव्हते! अहवाल आला तेव्हा मुख्य अधिकारी रॉनी फ्लॅनगन इतके संतापले, की हे खरं ठरलं तर मी जाहीर आत्महत्या करीन, असं बोलून गेले. बाई हलल्या नाहीत. २००७ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

आणि एवढा भक्कम कायदा असूनही तिथे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. २०१४ मध्ये त्यांच्यानंतरच्या एका लोकपालांना, मायकेल मॅग्वायर यांना, कागद मिळत नाहीत म्हणून चक्क पोलीस प्रमुखांविरुद्ध कोर्टात जावं लागलं. २०१९ मध्ये उघड झालं, की १९९२ साली बेलफास्टच्या एका दुकानात पाच माणसं मारली गेली, त्या प्रकरणातली महत्त्वाची माहिती लोकपालांना दिलीच गेली नव्हती. पोलिसांनी माफी मागितली. अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. तीस वर्षं! मेलेल्यांच्या आयांपैकी किती जणी तोवर राहिल्या असतील?

आपल्याकडेही कायदा अगदीच नाही असं नाही. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. हे प्रकाश सिंग स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक, १९९६ पासून कोर्टात झगडत होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी विभागाला एक प्राधिकरण ठरवलं. आता पापड लाटणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून विभागाच्या गावी कशी जाणार? निवृत्त न्यायाधीश त्यात बसतात, चांगलंच आहे. पण कागद पुन्हा पोलिसांकडूनच यायचे.

पोलिसांचीही बाजू मी ऐकली आहे. आमच्या ठाण्यातल्या महिला शिपाई गणपतीत तीन-तीन दिवस घरी गेलेल्या नसतात. साहेब एकदा म्हणाले, "ताई, सगळंच उघडं केलं तर खबऱ्या जिवंत राहील का?" बरोबर आहे. खबऱ्याचं नाव नको, अत्याचार झालेल्या मुलीचं नाव तर मुळीच नको, चालू तपासातल्या गोष्टीही नकोत. पण कॅमेरा किती दिवस बंद होता, यात कुठलं आलंय गुपित?

मग मी काय केलं? माहिती अधिकाराचा अर्ज केला. साधा कागद, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीनच गोष्टी विचारल्या. त्या महिन्यात कॅमेरा बंद असल्याचं पत्र जिल्हा समितीला गेलं का, गेलं असल्यास त्याची प्रत. त्या वर्षात जिल्हा समितीच्या किती बैठका झाल्या. आणि ठाण्याच्या दारात मराठीत फलक लावला आहे का. कारण इथे कॅमेरे आहेत आणि अन्याय झाल्यास मानवी हक्क आयोगाकडे किंवा अधीक्षकांकडे तक्रार करता येते, असा फलक लावायचंही त्याच निकालात आहे. ते चित्रण राखून ठेवायला लावण्याचा हक्क पीडित माणसाला आहे, हेही फलकावर हवं. तो असता, तर त्या दिवशी पाणी पिता पिता मीच वाचला नसता का?

तिसाव्या दिवशी उत्तर आलं : 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' संकलित म्हणे! एका पत्राचं संकलन काय करायचं असतं? सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ही रड आमच्याच गावची नाही हे समजलं. तेवढाच धीर आला.

परवा दक्षता समितीची बैठक झाली. साहेबांनी आकडे वाचले. मी म्हटलं, "साहेब, या कागदाची एक झेरॉक्स प्रत्येकीला मिळेल का? आणि कॅमेरे चालू आहेत का, हा विषय प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्याल का?" खोलीत एकदम शांतता. शिक्षिकाबाईंनी माझा पदर ओढला. साहेब हसले, म्हणाले, "झेरॉक्स देऊ की." दुसऱ्या विषयाबद्दल काहीच बोलले नाहीत. रायटरने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मी पुन्हा म्हटलं, लिहा. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, लिहा हो. शेवटी 'ऐनवेळचे विषय' याखाली एक ओळ लिहिली गेली. सही करण्याआधी मी ती दोनदा वाचली.

माहिती अधिकाराचं पहिलं अपील केलं आहे, सुनावणी पुढच्या बुधवारी जिल्ह्याच्या गावी. मावशींनी विचारलं, "मी येऊ का हो?" म्हटलं, या. आणि मुलाचे दवाखान्याचे कागद जपून ठेवलेत ते पिशवीत घाला. सकाळची सातची एसटी आहे.