जुन्या ब्लॉक्सचा साचा कसा ओळखायचा?



दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून एखादा पत्र्याचा डबा खाली येतोच. आत आई-बाबांच्या लहानपणीचे प्लास्टिकचे ब्लॉक्स. लाल, पिवळे, निळे, काही पांढऱ्याचे पिवळट झालेले. आणि लगेच प्रश्न येतो, "हे धाकट्याला खेळायला देऊ का?" उत्तर द्यायचं तर हे ब्लॉक्स कुठले, साधारण कधीचे आणि कशाचे बनलेत ते कळायला हवं. खोका बहुधा भंगारात गेलेला असतो. त्यामुळे ब्लॉकलाच विचारावं लागतं.

आधी तो कसा बनतो ते बघू. आपल्या उपनगरातल्या मुलांना हे जवळचं आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत, साकीनाक्याला, गोरेगावला कितीतरी गाळ्यांमधून प्लास्टिकचं मोल्डिंग चालत आलंय. प्लास्टिक उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेचं कार्यालयही अंधेरीच्या एमआयडीसीतच आहे. वर्गात एखाद्याचे काका-मामा या धंद्यात असतील तर त्यांना जरूर बोलवा. ते 'साचा' म्हणणार नाहीत, 'डाय' किंवा 'मोल्ड' म्हणतील, आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालाला 'दाणा'.

मशीनमध्ये दाणा वितळतो आणि दाबाने डायमध्ये शिरतो. डाय पोलादाची, दोन भागांची. एका भागात ब्लॉकचं बाहेरचं रूप कोरलेलं, दुसऱ्यात आतलं. माल थंड झाला की डाय उघडते आणि बारीक पिना ब्लॉकला बाहेर ढकलतात. या प्रत्येक पायरीची खूण ब्लॉकवर राहते. डाय बदलली तर खूण बदलते. साचा ओळखणं म्हणजे या खुणा वाचणं, बस्स.

एक ब्लॉक घ्या आणि खिडकीपाशी जा. कुठेतरी छोटा खरखरीत ठिपका दिसेल. तिथून प्लास्टिक आत शिरलं. त्याला 'गेट' म्हणतात. तो बाजूच्या भिंतीवर आहे, वरच्या एखाद्या बटणावर आहे की मधोमध, हे नोंदवा. दिसायला अगदी सारखे दोन ब्लॉक, पण गेट वेगळ्या जागी, म्हणजे बहुतेक वेगळ्या डायचे. मग आत बघा. गोल-गोल पुसट वर्तुळं म्हणजे ढकलणाऱ्या पिनांच्या खुणा. कडेला नखाला लागणारी पातळ पापडी असेल तर डायचे दोन भाग नीट मिटत नव्हते, बहुधा झिजले होते. एकाच डायचे सुरुवातीचे ब्लॉक्स तुकतुकीत आणि नंतरचे पापडीवाले असू शकतात.

नावाभोवती बारीक चौकोनी रेघ दिसली तर मला फार आनंद होतो! नावाचा तुकडा डायमध्ये वेगळा बसवलेला असला की अशी रेघ उमटते. डाय विकली गेली की नवा मालक तेवढाच तुकडा बदलू शकतो. म्हणून दोन वेगळ्या नावांचे ब्लॉक्स एकाच डायचे निघू शकतात, आणि म्हणूनच नुसत्या नावावर जाऊ नका. मुळात हा ठोकळाच नकलांतून पुढे आलाय. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेजने किडीक्राफ्टचे ठोकळे १९४७ मध्ये आणले, ते बघून डेन्मार्कच्या लेगोने १९४९ मध्ये आपले काढले. आतल्या नळ्यांचं पेटंट लेगोने जानेवारी १९५८ मध्ये मागितलं. त्याआधीचे लेगो आतून पोकळ असतात. पण आपल्याकडच्या स्वस्त ब्लॉकला आत नळी नसेल तर तो १९५८ च्या आधीचा, असं मात्र समजू नका.

आता गणिताच्या शिक्षकांसाठी. एका डायमध्ये एका वेळी अनेक ब्लॉक्स निघतात, आणि कोणता ब्लॉक कोणत्या खोबणीतला हे कळावं म्हणून आत बारीक आकडा कोरलेला असतो. समजा, सारख्या खुणांच्या ब्लॉक्सवर तुम्हाला ३, ५, ८, ११ आणि १२ हे पाच वेगळे आकडे मिळाले. डायमध्ये एकूण किती खोबण्या असतील? सर्वांत मोठा आकडा १२. त्यात १२ भागिले ५, म्हणजे २.४ मिळवा आणि १ वजा करा. उत्तर १३.४. खोबण्या सहसा सम संख्येत ठेवतात, तेव्हा १४ किंवा १६ म्हणायला हरकत नाही. हा खेळ वाटेल, पण दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या हिशोबाने दोस्तराष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फक्त दोन जर्मन रणगाड्यांच्या ६४ चाकांवरच्या साच्याच्या खुणा तपासल्या आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये असे २७० रणगाडे बनले असा अंदाज बांधला. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं उघडली तर आकडा निघाला २७६.

प्लास्टिक कुठलं, ते बादली सांगते. ब्लॉक पाण्यात बुडवून आतली हवा काढा आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथीन. तळाला गेला तर एबीएस किंवा पॉलिस्टायरीन असण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं की तरंगतात. १९६३ च्या आधी लेगो सेल्युलोज अॅसिटेट वापरायची, ते मिठाच्या पाण्यातही बुडतं आणि वर्षांनुवर्षांत वाकडं होतं. गाळ्यातले कारागीर तुकडा जाळून वासावरून सांगतात. वर्गात आणि घरात ते अजिबात करू नका.

खोका असलाच तर पत्ता वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी नुसतं 'बॉम्बे ५८' लिहीत, नंतर अंधेरी पश्चिमचं '४०००५८' झालं. 'मुंबई' छापलंय तर बहुधा १९९५ नंतरचं. आयएसआयची खूण खेळण्यांवर सक्तीची झाली १ जानेवारी २०२१ पासून, त्यामुळे जुन्या डब्यात ती शोधू नका.

आता बाळाचा प्रश्न. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या अँड्र्यू टर्नर यांचा जुन्या प्लास्टिक खेळण्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅडमियम, शिसं, ब्रोमीन यांसारखे घटक त्यांना विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लास्टिकमध्ये सापडले. लाल-पिवळ्यात कॅडमियमचे रंग वापरले जात. काळा दाणा पुष्कळदा जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या भंगारातून येतो. हे घटक ना बादली दाखवते, ना भिंग. म्हणून ज्याचं वय कळलं नाही किंवा जे जुनं निघालं, ते तोंडात घालणाऱ्या मुलाला देऊ नका, कितीही धुतलं तरी. त्यातून ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळीत मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाला तसाही नकोच.

पाचवी-सहावीच्या मुलांना मात्र हाच डबा द्या. सोबत भिंग, पट्टी आणि वही. गेटच्या जागेप्रमाणे ढीग करायला सांगा, मग आकड्यांप्रमाणे. पुसट आकडा वाचता येत नसेल तर त्यावर ओल्या शाडूचा गोळा दाबा, ठसा उलटा येतो पण स्पष्ट येतो. तास संपला की साबणाने हात धुवायला लावा आणि डबा शाळेच्या कपाटात ठेवा, घरी परत पाठवू नका.