थोरली बहीण बेपत्ता होते तेव्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेपत्ता मुलीच्या शोधात कायदा सर्वांत आधी तिचे वय पाहतो. नाहीशी झाली त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण नसतील, तर अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास सुरू होतो. पूर्ण असतील, तर आधी ‘मिसिंग’ची नोंद होते आणि गुन्ह्याचा संशय दिसला तरच पुढे गुन्हा दाखल होतो. सतरा वर्षांच्या बहिणीच्या आणि बावीस वर्षांच्या बहिणीच्या शोधाचे मार्ग त्यामुळे पहिल्याच पायरीवर वेगळे होतात. घरच्या माणसांना हा फरक बहुधा ठाऊक नसतो. धाकटी बहीण स्वतः शाळा-कॉलेजच्या वयाची असेल, तर तिची अडचण आणखी वेगळी असते. थोरलीच्या मैत्रिणी, तिचा मोबाइल, तिचे रुसवे, तिची भीती हे सारे धाकटीला माहीत असते, पण तिला विचारायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. या शोधाभोवतीचे काही रूढ गैरसमज आणि त्यांबाबतची वस्तुस्थिती पुढे दिली आहे. कलमांचे उल्लेख १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार आहेत.

गैरसमज : चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत.

वस्तुस्थिती : अशी अट कोणत्याही कायद्यात नाही. मुलगी ठरल्या वेळी घरी आली नाही, फोन लागत नाही आणि काळजी करण्याजोगे कारण आहे, एवढे तक्रारीला पुरेसे असते. बालकांबाबत तर बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ चे आदर्श नियम तक्रार मिळताच गुन्हा नोंदवण्यास सांगतात. चोवीस तासांचा आकडा याच कायद्यात येतो, पण सापडलेल्या बालकाला बाल कल्याण समितीपुढे हजर करण्याची ती मुदत आहे. वाट पाहण्यात हाती येणारे पुरावेही निसटतात. दुकाने, सोसायट्या आणि बसस्थानके यांच्या सीसीटीव्हीचे चित्रण कायम राहत नाही, जुन्यावर नवे चढत जाते. रिक्षावाल्याला किंवा कंडक्टरला आज आठवणारा चेहरा आठवड्याने आठवत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि रेल्वे प्रवासाची शक्यता असल्यास १३९ हे क्रमांक आहेत.

गैरसमज : तक्रार आईवडिलांनी किंवा नवऱ्यानेच द्यावी लागते, तीही राहत्या भागाच्या ठाण्यात.

वस्तुस्थिती : खबर कोणीही देऊ शकते. बहीण, शेजारीण, वसतिगृहाची अधीक्षक, मैत्रीण यांपैकी कोणीही चालते आणि खबर देणाऱ्यासाठी किमान वयाची अट नाही. घरचे अब्रूच्या भीतीने गप्प बसले असतील, तर सोळा वर्षांची धाकटी बहीणही १०९८ वर फोन करून किंवा ठाण्यात जाऊन माहिती देऊ शकते. सोबत विश्वासातली मोठी व्यक्ती असणे सोयीचे असते, बंधनकारक नसते. लग्न झालेली बहीण सासरहून नाहीशी झाली असेल, तर माहेरच्यांनाही स्वतंत्रपणे तक्रार देता येते.

हद्दीची सबबही टिकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ती नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदवलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळते.

गैरसमज : ‘मिसिंग’ दाखल झाली म्हणजे गुन्हा दाखल झाला.

वस्तुस्थिती : या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सज्ञान व्यक्तीने घर सोडणे हा गुन्हा नाही. म्हणून तिची नोंद बेपत्ता व्यक्तींच्या नोंदवहीत होते, वर्णन आणि फोटो इतर ठाण्यांना जातात आणि चौकशी सुरू होते. गुन्हा दाखल झाल्यावर तपासाला जी धार येते, ती या नोंदीत नसते. म्हणून धमक्या, सासरचा छळ, पाठलाग, नोकरीचे किंवा लग्नाचे आमिष, पैशांची मागणी यांपैकी जे काही माहीत असेल ते जबाबात स्पष्ट यायला हवे. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला.

अठरा वर्षांखालील मुलीबाबत संशय सिद्ध करण्याचे ओझे घरच्यांवर नसते. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बालक हरवल्याची प्रत्येक तक्रार एफआयआर म्हणून नोंदवावी आणि अपहरण किंवा मानवी वाहतूक झाली असावी असे गृहीत धरून तपास करावा. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवायचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात ८३,३५० बालके बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यांपैकी ६२,९४६ मुली होत्या.

गैरसमज : चिठ्ठी ठेवून गेली, म्हणजे ‘पळून गेली’. आता तपासाला अर्थ नाही.

वस्तुस्थिती : चिठ्ठी हा तपासाचा धागा असतो, ती तपास थांबवण्याचे कारण ठरत नाही. ती धाकाने लिहून घेतलेली असू शकते. आमिषाला भुललेल्या मुलीने ती मनापासून लिहिलेली असू शकते, किंवा तिच्यात जीव देण्याचा इशारा दडलेला असू शकतो. हस्ताक्षर, कागद, नेहमीपेक्षा वेगळी भाषा या गोष्टी बहिणीला चटकन खटकतात. त्या तिने सांगायला हव्यात.

मुलगी अल्पवयीन असेल, तर पालकांच्या ताब्यातून तिला नेणाऱ्याला ‘ती स्वखुशीने आली’ हा बचाव सहसा तारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार या अपहरणाला सात वर्षांपर्यंत कारावास आहे. पोलिसांच्या कागदांतले ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ हे परिचित वाक्य याच गुन्ह्याचे असते. कोणीही न नेता, न फूस लावता मुलगी स्वतःच निघून गेली असेल, तर तो गुन्हा होत नाही, हे वरदराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच स्पष्ट केले आहे. पण तो निर्णय पुराव्यांनंतर न्यायालय घेते, तक्रारीच्या दिवशी ठाणे अंमलदार नव्हे. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी पाहिले जाते, ते नसल्यास ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. हा कागद पहिल्याच दिवशी सोबत असावा.

गैरसमज : धाकटीच्या बोलण्याला कायद्यात किंमत नाही, उलट तिला ठाण्यात खेपा घालाव्या लागतील.

वस्तुस्थिती : साक्षीदाराला किमान वयाची अट नाही. प्रश्न समजून त्याचे सुसंगत उत्तर देता येते की नाही, एवढेच साक्ष्य कायदा पाहतो. ठाण्यात खेपा घालण्याची भीतीही निराधार आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्री साक्षीदाराला, मग ती कोणत्याही वयाची असो, जबाबासाठी राहत्या जागेखेरीज इतरत्र बोलावता येत नाही. स्वतःहून यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

धाकटीकडची माहिती बहुधा बारीकसारीक, पण नेमकी असते. बहिणीने नेलेली बॅग, घातलेले कपडे आणि चप्पल, बरोबरची औषधे, दुसरे सिमकार्ड, मोबाइलमधले टोपणनाव, अलीकडे वारंवार येणारा एखादा नंबर, अंगावरची खूण, नव्याने बंद केलेला क्लास. हे सर्व आठवेल तसे तारीख-वेळेसह लिहून काढून तपासी अंमलदाराला द्यावे. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून बहिणीने सांगितलेली गोष्टही यात येते. मात्र मिळालेल्या पत्त्यावर स्वतः जाणे किंवा ‘तुझी बहीण माझ्याकडे आहे, एकटी ये’ असा फोन करणाऱ्याला भेटणे धोक्याचे आहे. असा फोन हा पुरावा असतो, तो नंबर आणि वेळेसह पोलिसांकडे जायला हवा.

गैरसमज : मोबाइल बंद झाला म्हणजे माग संपला.

वस्तुस्थिती : बंद फोनचे आधीचे कॉल, संदेश आणि टॉवर यांच्या नोंदी कंपन्यांकडे असतात. परवान्यातील डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनुसार त्या किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. सिम बदलले तरी हँडसेटचा आयएमईआय क्रमांक तोच राहतो. तो खोक्यावर किंवा खरेदीच्या बिलावर सापडतो, म्हणून ते जपून ठेवलेले असल्यास पोलिसांना द्यावे. या नोंदी तपास यंत्रणेलाच मिळतात. पैसे घेऊन ‘सीडीआर’ म्हणजे कॉलच्या नोंदी काढून देतो म्हणणारा खासगी गुप्तहेर बेकायदा काम करत असतो.

पासवर्ड माहीत आहे म्हणून बहिणीची खाती उघडून पाहण्याचा मोहही टाळलेला बरा. नव्या लॉगिनमुळे आधीच्या नोंदींत गोंधळ होतो, संदेश ‘वाचले’ असे दिसून समोरचा सावध होतो आणि पुराव्याच्या विश्वासार्हतेवर शंका घेता येते. घरी राहिलेला लॅपटॉप किंवा टॅब्लेट आहे त्या स्थितीत पोलिसांकडे द्यावा आणि पासवर्ड सांगावा.

गैरसमज : फोटो जितका फिरेल तितके चांगले.

वस्तुस्थिती : फोटोचा उपयोग होतो, पण मजकूर जपून लिहावा लागतो. संपर्कासाठी घरचा नंबर दिला, तर पैसे उकळणाऱ्यांचे फोन सुरू होतात. त्याऐवजी पोलीस ठाण्याचा नंबर आणि मिसिंग किंवा गुन्हा क्रमांक द्यावा. बहीण छळाला कंटाळून निघून गेली असेल, तर हाच फोटो छळणाऱ्याला तिचा ठावठिकाणा मिळवून देऊ शकतो. म्हणून प्रसिद्धीपूर्वी तपासी अंमलदाराशी बोलणे श्रेयस्कर. हरवलेल्या आणि सापडलेल्या बालकांसाठी केंद्र सरकारचे ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि २०१५ पासूनचे ‘खोया-पाया’ हे मंच आहेत.

मुलगी सापडल्यानंतर आवाहन मागे घेणे तितकेच आवश्यक असते. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, तर तिची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरतो. बालकांबाबत पोक्सो आणि बाल न्याय कायद्यांचीही स्वतंत्र बंदी आहे.

गैरसमज : ठाण्यात दाद मिळाली नाही, तर पैशांशिवाय पुढचा रस्ता नाही.

वस्तुस्थिती : ठाण्याने नोंद नाकारली, तर तक्रारीचा गोषवारा टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बहिणीला कोणी बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका दाखल करता येते. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मुंबईसह नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे चालते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले आहे. वकिलाच्या खर्चाची अडचणही दूर होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर त्याची मागणी करता येते.

गैरसमज : सापडली की पोलीस तिला घरी आणून सोडतात.

वस्तुस्थिती : इथेही वयच निर्णायक ठरते. अठरा वर्षांखालील मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेले जाते. समिती तिचे म्हणणे ऐकते. घरी धोका असल्याचे तिने सांगितले, तर तिला बालगृहातही ठेवता येते. सज्ञान बहिणीचा जबाब घेतला जातो. ‘मी सुखरूप आहे, घरी जायचे नाही’ असे तिने सांगितले, तर तिला सक्तीने आणता येत नाही आणि तिची इच्छा नसेल तर पत्ताही घरच्यांना कळवला जात नाही. सज्ञान व्यक्तीला आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लता सिंह (२००६) आणि शफीन जहाँ (२०१८) या प्रकरणांत ठामपणे मांडले आहे. अशा वेळी घरच्यांच्या हाती ती जिवंत आणि सुरक्षित असल्याची खात्री एवढेच येते. कायद्याच्या दृष्टीने शोध तिथे पूर्ण होतो. धाकटीला निरोप किंवा पत्र द्यायचे असल्यास पोलिसांमार्फत ते पोचवण्याची विनंती करता येते. उत्तर देणे न देणे थोरलीच्या मर्जीवर राहते.

गैरसमज : काही वर्षे गेली की फाइल बंद होते आणि माणूस मेला असे धरले जाते.

वस्तुस्थिती : भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मधील सात वर्षांचा नियम वारसा, मालमत्ता, पुनर्विवाह अशा प्रश्नांपुरता आहे. ज्यांना त्या व्यक्तीची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती, त्यांना सात वर्षांत ती कळली नाही, तर ती जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. सात वर्षे झाली म्हणून शोध थांबवावा, असे त्यात कुठेही नाही.

शवागारातील अनोळखी मृतदेहाची ओळख पटवण्याचा प्रसंग आलाच, तर अल्पवयीन बहिणीला तिथे नेण्याची गरज नसते. कपडे, दागिने, दातांची ठेवण, जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा आणि डीएनए यांवरून ओळख पटवली जाते. आईवडिलांचे नमुने त्यासाठी सर्वांत उपयोगी असतात. ते हयात नसतील, तर एका आईच्या मुलींमध्ये मायटोकाँड्रियल डीएनए सारखा असल्याने बहिणीचा नमुनाही कामी येतो.

जुनी प्रकरणे सुटल्याची उदाहरणे आहेत. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीतून जानेवारी २०१३ मध्ये सात वर्षांची एक मुलगी नाहीशी झाली. त्या ठाण्याचे सहायक पोलीस उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी २००८ ते २०१५ या काळात बेपत्ता झालेल्या १६६ मुलींपैकी १६५ जणींचा शोध लावला होता. राहिलेली ती एकच. २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांनी तिचा शोध सोडला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, ती सोळा वर्षांची असताना घरी परतली. तिचा जुना ‘हरवली आहे’चा फलक इंटरनेटवर सापडला आणि त्यावरच्या क्रमांकांपैकी एक अजून सुरू होता. म्हणून घर बदलले, नंबर बदलला तर ठाण्यात कळवावे, तक्रारीवरचा आणि फलकावरचा निदान एक क्रमांक चालू ठेवावा आणि तपास कुठवर आला हे ठरावीक काळाने लेखी विचारत राहावे.